बरोबरी मागायची कुणी

कॉम्प्युटर-बुद्धिबळाच्या स्पर्धेआधी सकाळी झालेल्या बैठकीत सगळ्यात मोठा आवाज धाकटीचाच होता. मागच्या स्पर्धेत म्हणे लोकांनी आपापसांत हातमिळवणी करून डाव बरोबरीत सोडले आणि चहाला पळाले. खेळणार कॉम्प्युटर, मग बरोबरी मागणारी माणसं कोण टिकोजीराव लागून गेली? पन्नास खेळ्यांत प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, तर प्रोग्रॅमनेच बरोबरी मागावी. माणसाने तोंड उघडलं तर त्याचा डाव गेला. थोरलीने विरोध केला. माणसाला निदान हात जोडून थांबता यावं, एवढंच ती म्हणाली. बरीच वादावादी झाली, मतं पडली आणि धाकटीचा नियम पास झाला.

दुपारी तिच्यासमोर नेमकी थोरलीच आली.

दोघी सख्ख्या बहिणी. बुद्धिबळाचा पहिला प्रोग्रॅम त्यांनी एकाच टेबलावर लिहिला, मग नाव कुणाचं आधी यावरून बिनसलं आणि धाकटी वेगळी झाली. जाताना तिने त्याची प्रत गुपचूप उचलली. वरवरचं सगळं बदललं, पण खेळ्या मोजण्याचा भाग थोरलीचा होता. तो तिच्या डोक्यावरून जायचा, म्हणून तसाच ठेवला. जगाला मात्र बेधडक सांगितलं, सगळं माझं. त्या भागात एक खोड होती. मोजणी चाळिशीच्या पुढे गेली की प्रोग्रॅम कधीकधी गोठायचा आणि थोरलीने गमतीने घातलेली ओळ स्क्रीनवर यायची: 'धाकटे, ऊठ, पुन्हा अडकलंय.' कारण अशा वेळी धाकटी हमखास टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असायची.

ती ओळ आज इथे उमटली, तर चोरी चारचौघांत उघडी पडणार होती आणि स्पर्धांचं दार कायमचं बंद होणार होतं.

डाव कधीच मेला होता. दोघींकडे एकेक राजा, एकेक हत्ती आणि मध्ये एकमेकांना अडवून बसलेली दोन प्यादी. मांडणी दर वेळी जराशी वेगळी, पण हत्ती आपले इकडून तिकडे. धाकटी स्क्रीनवरची खेळी पटावर करायची, थोरलीची खेळी टाइप करायची आणि मनात मोजायची. चाळीस झाल्या. समोर थोरली आपली सावकाश खेळत होती. हिला सगळं ठाऊक आहे, मुद्दाम वाट बघतेय, असं धाकटीला वाटू लागलं. त्यात पंच शेजारच्या टेबलावरून याच बाजूला यायला निघाले.

सेहेचाळिसाव्या खेळीला प्रोग्रॅम रेंगाळला. स्क्रीन हलेना. धाकटीने घड्याळच थांबवलं.

"बरोबरी," ती म्हणाली.

पंचांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रोग्रॅमने मागितली?"

"नाही. मी मागतेय."

थोरली लगेच म्हणाली, माझी ना नाही, देऊन टाका. पण सकाळचा आरडाओरडा पंचांच्या कानांत अजून घुमत असावा. डाव धाकटीने गमावला असं सांगून ते निकालाचा कागद आणायला गेले.

धाकटीला उलट हायसं वाटलं. हरली, पण वाचली.

थोरली पुढे वाकली. "कशाला घाबरलीस? ते अडकणं तू जायच्या आधीच मी काढलं होतं. तू नेलीस ती प्रत धडधाकट होती."

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. "ताई..." धाकटी म्हणाली.

"पुढच्या खेळ्या टाक."

प्रोग्रॅमची रेंगाळलेली खेळी कधीच येऊन पडली होती. मघाशी तो नुसता विचार करत होता. थोरली हत्ती हलवत गेली, धाकटी मुकाट्याने टाइप करत गेली. पन्नास भरल्या आणि प्रोग्रॅमने स्वतःहून, नियमाप्रमाणे, बरोबरी मागितली. खाली एक ओळ आली, दुरुस्ती करताना थोरलीने बदललेली: 'धाकटे, ऊठ, झालं बघ नीट.'

मागे पंचांच्या चपला वाजल्या. थोरलीने पटावरून हात लांबवला आणि धाकटीच्या लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं.

"सही कर," ती म्हणाली.

धाकटीने हरल्याची सही केली. पंच टेबलाशी रेंगाळले होते आणि थोरलीचा तळहात अजून झाकणावरच होता. तो हात थोरली कधी उचलते, या भीतीने धाकटी त्याच्याकडेच बघत राहिली.