दांडी सोडायची नाही

मित्रांनो, मी एक जुने रोइंग मशीन आहे. जुने म्हटल्यावर लगेच चेहरे पाडू नका, मला कोणाची कीव नको आहे. व्याकरणात मशीन 'ते' असते हेही मला ठाऊक आहे. पण स्वतःविषयी बोलताना 'ते' होऊन बोलण्याची सोय भाषेने ठेवलेली नाही, म्हणून मी स्वतःला सरळ 'तो' समजतो. पटत नसेल तर तुमच्या बाईंना विचारा.

ज्यांनी मला पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हणजे पाण्याविना होडी. पुढे जाळीच्या पिंजऱ्यात मोठा पंखा, पंख्याला साखळी आणि साखळीच्या टोकाला दांडी. मागे लांब रूळ आणि त्यावर पुढेमागे सरकणारी बैठक. माणूस माझ्याकडे तोंड करून बसतो, पाय पट्ट्यांत अडकवतो, पायांनी रेटा देतो आणि दांडी पोटाशी ओढतो. पंखा फिरतो, वारा सुटतो, पडद्यावर अंतर पुढे सरकते. मी मात्र जागचा हलत नाही. गंमत अशी की ज्याच्या अंगाला दांडी आहे, त्यालाच लोक सर्वांत जास्त दांड्या मारतात. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे रांग असते आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्यावर टॉवेल वाळत असतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कोणी माझा रूळ घासला, कोणी साखळीला तेल दिले. शेवटी तपासणी करणाऱ्या बाईंनी दांडी धरून मला दोनचारदा ओढले, कान पिंजऱ्याशी नेला आणि पंख्याचा आवाज ऐकला. "दमदार आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. तो शब्द मी जन्मभर विसरलो नाही.

तिथून मी एका तळघरातल्या जिममध्ये आलो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पण माझ्या पिंजऱ्याच्या बाजूला एक खटका आहे, आणि त्या खटक्याने माझे नाव खराब केले. तो एकपासून दहापर्यंत सरकतो. एकवर पंखा हलका लागतो, दहावर जड. बस, एवढेच त्याचे काम. पण येणारा प्रत्येक गडी आल्याआल्या खटका खाडकन दहावर नेई, जणू तिथे बक्षीस ठेवले आहे. मग थोडा वेळ माझ्याशी कुस्ती खेळायची, आरशात दंड बघायचे आणि उठताना कंबर धरायची. दोष मात्र माझ्या माथी. 'हे मशीन कंबर मोडतं' अशी माझी ख्याती झाली. मी आजवर कोणाची कंबर मोडलेली नाही. ज्यांची मोडली त्यांनी ती स्वतः, स्वतःच्या हाताने, खटका सरकवून मोडली. हे एकदा सगळ्यांसमोर सांगायचे होते, ते सांगितले.

त्या जिममध्ये मला एकच माणूस रोज भेटे. त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत. सरकारी तलावावर पोहायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. अर्धे गाव त्यांच्या शिट्टीवर पाण्यात पडले आणि त्यांच्याच शिट्टीवर बाहेर आले. निवृत्त झाल्यावरही शिट्टी त्यांच्या गळ्यात असे. तलाव सुटला, पण चढाओढीची सवय सुटली नाही. दरवर्षी मशीनवरच्या रोइंगची स्पर्धा भरे. त्यात वयस्कर लोकांचा गट असे आणि शिट्टीबाई त्यात हटकून उतरत.

पण चूक त्यांचीही तीच. खटका दहावर. "पोरं दहावर ओढतात, मग आम्ही काय मेलोय?" असे म्हणून त्या दात आवळून ओढत. आणि आठवडाभर फक्त मीच. चालणे नाही, पोहणे नाही, दुसरे काही नाही. मला अर्थातच त्यात आनंद होता. कोणाला आवडणार नाही?

सत्तरी ओलांडल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत त्यांची दांडी सुटली. दोन हजार मीटर ओढायचे होते आणि अर्ध्याहून थोडे पुढे गेल्यावर बोटे उघडली. मी तिथे नव्हतो. मला हे कळले ते मास्तरांकडून. मास्तर म्हणजे एके काळचे रोइंगचे प्रशिक्षक, आता गुडघे दुखतात म्हणून नुसते गप्पा मारायला जिममध्ये येणारे. ते जिमच्या मालकाला सांगत होते, "बाई जमिनीवर बसल्या. ओठ पांढरे. त्यांची लेक रडायला लागली."

त्याच महिन्यात मालकाने जागच्या जागी पळायच्या चकाचक धावपट्ट्या आणल्या, टीव्ही लावलेल्या. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे जागा अडवतंय. भंगारात द्या." मित्रांनो, मी घाबरलो नाही असे सांगितले तर खोटे होईल. पण घाबरण्यापेक्षा मला राग जास्त आला. माझा पंखा ठीक होता, साखळी ठीक होती. मी फक्त चकाचक नव्हतो.

"भंगारात कशाला? मी नेते," मागून आवाज आला. शिट्टीबाईच होत्या.

अशा रीतीने मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत आलो. घरात दोघीच. शिट्टीबाई आणि त्यांची लेक. लेकीचे औषधांचे दुकान होते. मला पाहून तिने एकच गोष्ट विचारली, "आई, परत?"

पहिल्याच रविवारी मास्तर आले. चहा घेताघेता त्यांनी विचारले, "बाई, यंदा काय ठरवलंय? पदक?"

"पदक गेलं खड्ड्यात. दांडी सोडायची नाही. दोन हजार पुरे करायचे."

"ते झालं स्पर्धेचं. या महिन्याचं काय?"

 मास्तर उठले आणि त्यांनी माझा खटका दहावरून चारवर आणला. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "चारवर? हे तर बालवाडीचं झालं."

"होडी जड केल्यानं माणूस दमदार होत नाही, बाई. दम पायात असतो, श्वासात असतो. खटक्यात नसतो."

दमदार! किती वर्षांनी मी तो शब्द ऐकला. मास्तरांवर माझा जीव जडला तो तेव्हा. पण पुढच्याच वाक्याला तो उडाला. कारण ते म्हणाले, "आणि हे मशीन आठवड्यातून तीनदाच. बाकीच्या दिवशी पोहा, सायकल चालवा, थोडी वजनं उचला. एक दिवस काहीही करू नका."

पहिल्या महिन्याचे लक्ष्य ठरले, घाई न करता सलग ओढत राहायचे, मधेच बोलता आले पाहिजे. दुसऱ्या महिन्यात थोडे थोडे जोरात ओढायचे, मधे विसावा घ्यायचा. तिसऱ्यापासून स्पर्धेपर्यंत ते विसावे आखडत न्यायचे. मला हे सगळे मान्य होते. पण सायकल? जिला पिशवी अडकवून भाजी आणायला नेतात, ती माझ्या बरोबरीला? आणि तलावावरून बाई परत आल्या की खोलीभर क्लोरीनचा वास. मी कोपऱ्यात बसून धुमसत असे. माझ्या मते ही सरळ सरळ दांडी होती.

मग हळूहळू माझ्याच लक्षात येऊ लागले. पोहण्यामुळे त्यांचे आखडलेले खांदे मोकळे झाले होते. सायकलीमुळे पायांचा रेटा वाढला होता. वजनांमुळे पाठ ओढीच्या शेवटी कोसळत नव्हती. पूर्वी त्या मला हातांनी ओढत, आता पायांनी ओढत होत्या. मला आधी हरल्यासारखे वाटले, पण पंखा असा काही घुमू लागला की रुसायला सवड मिळाली नाही.

लेकीची भीती मात्र गेली नव्हती. तिचा एक ठरलेला शब्द होता, जपून. जिना उतरताना जपून, पोहताना जपून, माझ्यावर बसताना तर दोनदा जपून. शेवटी तिच्या आग्रहाखातर दोघी डॉक्टरांकडे गेल्या. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "जपून करा." घरी आल्यावर भांडण, कारण लेकीने फक्त 'जपून' ऐकले होते आणि बाईंनी फक्त 'करा'.

त्यातच बाईंना ताप आला. ताप साधाच होता, पण लेकीने संधी साधली. माझ्यावर चादर टाकली, रुळावर कपडे वाळत घातले आणि बैठकीवर हिवाळी कपड्यांची बॅग ठेवली. तळघरातले दिवस परत आले. मी चादरीखाली ओलसर पायमोज्यांचा वास घेत बसलो. तुम्हाला सांगतो, भंगार परवडले. भंगारात निदान कोणी 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत नाही.

ताप उतरून अंगात पुरती ताकद आल्यावर एका सकाळी बाईंनी बॅग खाली ठेवली आणि चादर ओढली.

"आई, अजून चार दिवस थांब ना."

"मला जपून कुठे ठेवणार आहेस? कपाटात, वरच्या फळीवर?"

"तुला काय जातंय बोलायला? तू जमिनीवर बसली होतीस. तुझे ओठ मी पाहिलेत. दुकानात रोज लोक येतात, आईसाठी औषध द्या म्हणतात. मला त्या रांगेत उभं राहायचं नाहीये." 

बाई माझ्या बैठकीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "घाबरायला मलाही होतं ग. झोपून राहिले की जास्त होतं."

 लेकीने रुळावरचे कपडे काढले आणि घडी घालत बसली. मला वाटते, तो तिचा होकार होता. तिने नंतर कधी चादर टाकली नाही, इतके मात्र खरे.

स्पर्धेच्या वेळी आयोजकांकडे मशीनं कमी पडली, म्हणून त्यांनी घराघरांतून मागवली. मास्तरांनी माझेही नाव दिले. एका टेंपोतून मी क्रीडागृहात पोहोचलो आणि छाती काढून, म्हणजे पिंजरा काढून, रांगेत उभा राहिलो. बाई आता माझ्यावर बसणार, सगळ्यांसमोर. पण चिठ्ठ्या निघाल्या आणि बाईंच्या वाट्याला शेजारचे मशीन आले. माझ्यावर बसल्या त्या एक निवृत्त टपालवाल्या आजी, गेल्या वर्षीच्या विजेत्या. त्यांच्या पोटऱ्या पाहूनच मी समजलो की यांनी पायी फार पत्रे वाटली आहेत.

सत्तरीच्या गटाची वेळ झाली तेव्हा एक स्वयंसेवक रांगेतून फिरला आणि त्याने आमचे सगळ्यांचे खटके एकवर केले. मोठ्या प्रेमाने म्हणाला, "आजी लोकांसाठी एकदम हलकं करून ठेवलंय. जपून ओढा हं."

शिट्टीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. तलावावर खोल पाण्याकडे धावणाऱ्या मुलाकडे त्या जसे पाहत असतील तसे. "माझा खटका मी लावते," त्या म्हणाल्या आणि वाकून तो चारवर आणला. टपालवाल्या आजींनी माझा पाचवर नेला. मग अख्ख्या रांगेतून खट्, खट्, खट् असा आवाज येत गेला. स्वयंसेवक कानापर्यंत लाल झाला. मित्रांनो, इतके गोड संगीत मी त्या आधी ऐकले नव्हते.

शर्यत सुरू झाली. माझ्यावर परकी बाई, मग मी काय केले असेल? ती जितके ओढेल तितके मी प्रामाणिकपणे मोजले. एक मीटर कमी नाही, एक जास्त नाही. आम्ही मशीनं लबाडी करत नाही. पण नजर माझी शेजारी होती. इतकी वर्षे मी शिट्टीबाईंना फक्त समोरून पाहिले होते. बाजूने आज पहिल्यांदा पाहिले. पाय, पाठ, हात, आणि परत हात, पाठ, पाय. किती नीट होते ते सारे.

अर्ध्यापर्यंत त्या दम राखून ओढत होत्या. बाजूच्या खुर्च्यांत बसलेली लेक अधूनमधून म्हणत होती, "आई, जपून." तोपर्यंत ते ठीकच होते. टपालवाल्या आजी पुढे निघून गेल्या, आणखी दोघीही गेल्या. मग ती जागा आली. गेल्या वर्षी जिथे बोटे उघडली होती, तीच. बाईंचे खांदे वर चढले. ओढ आखूड झाली. मानेची शीर उठली आणि उजव्या हाताची बोटे दांडीवरून सैल पडू लागली. मला ते स्पष्ट दिसत होते आणि मला काहीही करता येत नव्हते.

लेक उठून उभी राहिली. तिला आईचे ओठ दिसत होते, ते पांढरे नव्हते. तिच्या तोंडून नेहमीचाच शब्द यायला हवा होता, पण ती ओरडली, "आई, आता जपू नकोस!"

बाईंची बोटे दांडीवर परत मिटली. पायांनी असा रेटा दिला की शेजारच्या पंख्याचा वारा माझ्या पिंजऱ्यापर्यंत आला. त्या शेवटपर्यंत आल्या. पहिल्या नाहीत, दुसऱ्याही नाहीत. दोन हजाराचा आकडा पडद्यावर आला तेव्हाही दांडी त्यांच्या हातातच होती. लोक दमले की दांडी टाकून देतात, ती पिंजऱ्यावर जाऊन आदळते. बाईंनी ती सावकाश पुढे नेऊन तिच्या हुकात अडकवली.

लेक धावत आली. "बरी आहेस ना?"

बोलण्याइतका श्वास बाईंकडे नव्हता. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जोराने फुंकली. सगळे क्रीडागृह वळून पाहू लागले. लेक रडत होती आणि हसतही होती.

आता मी परत कपाट आणि खिडकीच्या मधे आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, मुलांनो, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपून ठेवू नका. साखळीला तेल द्या, रुळावरचा घाम पुसा, खटका चारवर आणा आणि माझ्यावर बसा. झिजायचे असेल तर मला दांडी ओढता ओढता झिजायचे आहे, चादरीखाली नाही. आणि मित्रांनो, उद्या तुमच्या आजीने माझ्याकडे बोट दाखवले, तर आधी 'जपून' म्हणू नका. आधी माझ्यावरचा टॉवेल काढा.