शून्य उंचीचं पोरगं

मुरगूडच्या त्या हायस्कुलात चिमणाला सगळे 'किती' म्हणायचे, आणि ते नाव काही लाडानं पडलेलं नव्हतं. हेडमास्तर गणपतरावांनी तिला खडू आणायला सांगितलं की ती दारातच थबकून विचारायची, "किती, सर? पांढरं का रंगीत?"

गणपतरावांचा पारा चढायचा. "अगं, देवानं डोस्कं दिलंय न्हवं? वापर की जरा!"

वर्ग खिदळायचा. चिमणा खिदळणाऱ्यांकडं शांतपणे बघायची आणि पुन्हा विचारायची, "मग किती आणू?" पोरगी ठोंब आहे, यावर शाळेत दुमत नव्हतं. फक्त गणित शिकवणाऱ्या नजीरा शिकलगार बाईंचं मत अजून ठरायचं होतं, आणि बाईंचं मत पुराव्याशिवाय ठरत नसे. त्यांचे अब्बा शमशुद्दीन बाजारात बसून विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. धार लावली की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी चिंधीवर चालवून बघायचे. स्वतःच्या हातावरसुद्धा त्यांनी कधी आंधळा विश्वास ठेवला नाही, आणि लेकीनं ती खोड जशीच्या तशी उचलली होती.

पंच्याऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. शिकवायचं कोणी? पुण्याला तीन आठवडे प्रशिक्षण होतं आणि एकाही मास्तराला सवड होईना. एकाची म्हैस व्यायला झालेली, दुसऱ्याच्या घराचा स्लॅब पडायचा होता. शेवटी बाई गेल्या. परत येऊन बघतात तर गणपतरावांनी यंत्रांची यथासांग पूजा उरकलेली, आणि एका यंत्राच्या बटणांत कुंकू जाऊन ती चिकटून बसलेली. बाईंनी दोन दिवस कापसाच्या बोळ्यानं एकेक बटण पुसलं. तोंडानं चकार शब्द काढला नाही. मनातल्या मनात काय काय काढलं, ते त्यांनाच ठाऊक.

यंत्रं दोन, नववीची पोरं चौसष्ट आणि वीज आली तर आली. पोराच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम तीन मिनिटं यायची. म्हणून बाईंनी एक खेळ काढला. एकानं कामाची कृती कागदावर लिहायची, दुसऱ्यानं यंत्र व्हायचं. यंत्रानं कागदावर असेल तेवढंच करायचं, मनाची भर घालायची नाही. बाळासो हा वर्गातला पहिला नंबर. त्यानं बादली भरायची कृती लिहिली. यंत्र झाली चिमणा. तिनं नळ सोडला आणि उभी राहिली. बादली भरली, पाणी सांडलं, पोरांचे पाय भिजले, तरी ही आपली उभीच.

"अगं, बंद कर की नळ!" बाळासो ओरडला.

"कागदावर कुठं हाय?" चिमणा म्हणाली.

त्या दिवशी बाईंनी एक वही सुरू केली. कोण काय लिहितो, चूक कुठं राहते आणि ती कुणाला सापडते, एवढंच त्यात टिपायचं. वर्षभरात त्रेचाळीस चुका नोंदल्या गेल्या. त्यातल्या सत्तावीस एकट्या चिमणानं धरल्या होत्या. आणि परीक्षेत तिचा नंबर होता एकसष्टावा! बाईंनी ती बेरीज तीनदा तपासली. मग त्यांच्या ध्यानात आलं की हुशार पोरं कागदावर नसलेलंही वाचतात, कारण लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल ते त्यांना आधीच कळतं. चिमणा मात्र आहे तेवढंच वाचते. इतकी वर्षं जिला ठोंबपणा म्हणून सगळे हसले, ती चक्क धार होती.

दुसऱ्या वर्षी गणपतरावांनी फतवा काढला. कॉम्प्युटरचा तास आता फक्त वीस पोरांना, मार्कांच्या क्रमानं.

"महागाची वस्तू हाय, बाई. हुशार पोरांच्याच हातात शोभती."

"सर, एकदा माझी वही तरी बघा."

"वही कशाला बघू? मार्कांचं पत्रक हाय की माझ्याकडं!"

बाईंचं डोकं तडकलं. त्यांनी वहीचा सारांश काढला आणि थेट पुण्याच्या प्रशिक्षण केंद्राला धाडला. महिन्याभरानं तिथले अधिकारी हंबीरराव स्वतः शाळेत आले. साहेब म्हणतील तसं करू, असं गणपतरावांनी कबूल केलं. वीस नावांची यादी मात्र खिशात तयार होती. साहेबांनी त्या यादीला मान डोलावली, तर चिमणाला कॉम्प्युटरच्या खोलीचं दार पुन्हा दिसणार नव्हतं. बाईंना आदल्या दिवसापासून घास गोड लागला नव्हता.

पोरांनी चपला बाहेर काढल्या, यंत्रं सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. गणपतरावांनी कपाळाला हात लावला.

"असू दे," हंबीरराव म्हणाले. "बाई, तुमचा तो खेळ दाखवा. आठ मुलं रांगेत उभी करा. सगळ्यांत कमी उंची कुणाची, ते शोधायची कृती लिहायची."

बाळासो खडू घेऊन फळ्याकडं धावलाच. त्यानं झरझर लिहिलं. 'लहान' नावाची चौकट आख. तिच्यात शून्य लिही. एकेकाची उंची बघ. चौकटीतल्या आकड्यापेक्षा ती कमी असेल, तर जुना आकडा पुसून ती लिही. रांग संपली की चौकटीतला आकडा सांग. मागच्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांत उंच पोरगं असंच शोधलं होतं आणि ते बिनचूक निघालं होतं.

"वा!" गणपतराव म्हणाले. हंबीररावांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर नजीराबाईंनीही डोलावली.

"आता यंत्र कोण?" साहेबांनी विचारलं.

"चिमणा," बाई म्हणाल्या. गणपतराव खाकरले.

चिमणानं पाटीवर चौकट आखली, तिच्यात शून्य लिहिलं आणि रांगेपुढं उभी राहिली. रांगेतली पोरं एकेक करून आपली उंची सांगू लागली. एकशे बेचाळीस. एकशे अडतीस. एकशे एक्कावन्न. प्रत्येक आकड्याला ती पाटीकडं बघायची आणि पुढं सरकायची. आठवं पोर संपलं, तरी तिनं पाटी एकदाही पुसली नव्हती.

"शून्य," ती म्हणाली.

सगळा वर्ग फुटला. "किती चुकली! किती चुकली!"

क्षणभर बाईंनाही वाटलं, पोरगी घाबरली आणि चुकली.

चिमणाचा आवाज मात्र हलला नाही. "मी फळ्यावर हाय तसंच केलं, बाई. शून्यापरास कमी कुणीच न्हाय. आता शून्य उंचीचं पोरगं ह्या रांगेत कुठं हाय, ते कुणीतरी दावा."

हसू जागच्या जागी थिजलं. बाळासोनं फळ्याकडं बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. हंबीररावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फळा पहिल्यापासून वाचला.

"मग काय लिहायला पाहिजे, बाळ?"

"पयल्या पोराचीच उंची लिवायची की चौकटीत. त्यो तरी खरा हाय."

नजीराबाईंचा ऊर असा भरून आला, की त्यांना खिडकीकडं तोंड करावं लागलं. चूक त्यांनाही दिसली नव्हती, आणि त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान वाटत होता. आपल्याला दिसलं नाही ते दिसणारी पोरगी आपल्या हाताखाली तयार झाली, मास्तरकीत याहून मोठं काय असतं!

"गणपतराव," साहेब म्हणाले, "मीसुद्धा मान डोलावली होती. तुमच्या यादीत ही पोरगी आहे?"

गणपतरावांनी खिशातून यादी काढली. ती वाचायची काहीच गरज नव्हती, तरी वाचली. मग तिची चौपदरी घडी घालून चार तुकडे केले. तेवढ्यात वीज आली आणि दोन्ही यंत्रं एकदम 'टूं' करून सुरू झाली.

गणपतराव उठले, दोनदा खाकरले. "चिमणा," ते म्हणाले आणि अडखळले. मग सावकाश, शब्द निवडत, त्यांनी तिला उभ्या आयुष्यातली पहिली सरळ सूचना दिली. "पुढं ये. डावीकडच्या यंत्रासमोरच्या खुर्चीवर बस. बाळासोची कृती दुरुस्त करून त्यात घाल."

चिमणा पुढं आली, खुर्चीवर बसली आणि मान वळवून तिनं विचारलं, "किती येळ बसू, सर?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"शाळा सुटंपर्यंत," गणपतराव म्हणाले. "आणि उद्या परत."