शामकलाची टाच

हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नव्यानं भरतं. बाईची पाळी गेली की मोडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. वीस वर्षं मी कॉलेजात हेच शिकवते आणि वीस वर्षं मला प्राध्यापक करायचं राहून जातंय. यंदा मात्र मी हट्टालाच पेटले होते. नवेगाव बांधच्या, रोवणा म्हणजे भातलावणी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बारा बायकांच्या टाचा तपासायच्या, निबंध छापायचा आणि पद घ्यायचंच.

टाच यंत्रात ठेवली की आकडा येतो. उणे अडीचच्या खाली गेला तर हाड ठिसूळ. समाजमंदिरात जमिनीवर बसून मी एकेक टाच तपासत गेले, फोटो काढत गेले. बाराच्या बारा जणींची हाडं पंचविशीतल्या पोरीसारखी! मी तिथूनच विभागप्रमुख इंद्रकुमार सरांना फोन लावला.

"सर, या बायका तलावातली बारीक मासोळी काट्यासकट खातात, त्याचाच हा गुण. शोध लागलाय, शोध!"

घरी येऊन आकडे मांडले, तर बाराही जवळपास एकच. फोटो पाहिले. बाराही टाचांवर विळ्याचा तोच व्रण. अर्धं आयुष्य हाडं बघण्यात गेलं, पण मान वर करून चेहरा बघायची बुद्धी झाली नाही. कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन तडक गेले. टोळीची पुढारीण सुमित्राबाई जराही गडबडली नाही.

"शामकलाची टाच हाय ते, आमच्या टोळीतली तरणी पोर," ती म्हणाली. "धानाच्या बांधीत कोणाची कंबर धरली तं तिच्या वाट्याची पात दुसरी रोवते. आमची रीतच हाय. कमजोर हाड निघालं तं रोवण्याले कोण बलावन?"

"अहो, पण माझं पद जाईल ना!"

"अन् आमचा रोवणा?"

रागाच्या भरात मी माझीच टाच यंत्रात घातली. "बघा, तपासल्यानं काही होत नाही!"

उणे दोन पूर्णांक नऊ.

"म्हणजे कसं?" सुमित्राबाईनं विचारलं.

"ठिसूळ," मी पुटपुटले.

मग सुमित्राबाई मागे वळून म्हणाली, "शामकले, मॅडमच्या नावानं ठेव वो पाय."

शामकला खरंच उठली. मला हसूही आलं आणि रडूही. वीस वर्षांत कॉलेजात माझी पात कोणी धरली नव्हती.

"नको," मी म्हटलं. "हा आकडा खराच लिहिणार."

सुमित्राबाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढ्या पोकळ हाडांवर तुमची नोकरी चालू हाय, तं आमचा रोवणा काऊन जाईन?" असं म्हणत तिनं पाय पुढे केला.

त्या दिवशी बारा वेगळ्या टाचा मिळाल्या. आठ ठिसूळ निघाल्या. मासोळीचा शोध तलावात बुडाला आणि पद बहुतेक पुढच्या वर्षावर गेलं. औषधाची यादी करायला बसले, तेव्हा सुमित्राबाईनं पहिलं नाव माझं लिहायला लावलं.