‘हं’ म्हटल्यानंतर

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी शाळेतून फोन आला. बोलत होत्या शाळेच्या कारकून बाई. बाबांच्या स्टुडिओचा नंबर त्यांना पाठ होता. तरी त्यांनी माझ्या मोबाइलवर फोन केला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं.

“शिक्षकांचा फोटो हललाय,” त्या म्हणाल्या. “मोठ्या बाईंना तीन नाकं आली आहेत. त्यांनी हसण्यावारी नेलं, पण वर्गांचे फोटोही असेच आले तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं म्हणताहेत. मी काही तुमच्या बाबांना हे सांगायची नाही. वीस वर्षं येताहेत ते आमच्याकडे. तुम्हीच बघा काय ते.”

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या बाटलीवर आधी तारीख बघायची आणि मग बाकी सगळं, ही तिथली शिस्त. त्याच सवयीने रविवारी स्टुडिओतल्या संगणकावर मी तीन वर्षांचे फोटो तारखेनुसार लावले. आई जाण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंतचे फोटो इतके स्वच्छ होते की भुवयांचे केस मोजता आले असते. त्यानंतरचे सगळे हललेले. अधलंमधलं काही नव्हतं. बाबांचा उजवा हात थरथरतो हे घरात सर्वांना ठाऊक होतं, पण तो तीन वर्षांपासून थरथरत होता. थरथर अशी एका आठवड्यात वाढत नाही.

“बाबा, बटण कोण दाबायचं?”

बाबा लेन्स पुसत होते. ते पुसतच राहिले.

“मी ‘हं’ म्हणायचो. ती दाबायची.”

“कधीपासून?”

“हात ऐकेनासा झाला तेव्हापासून.”

“आणि लोकांना कळायचं नाही?”

“काय कळायचंय? बायको कॅमेऱ्यापाशी उभी आहे, मदत करतेय. मी पुढे जाऊन माना सरळ करायचो, कॉलर बसवायचो, तिथूनच ‘हं’ म्हणायचो. फोटो माझाच असायचा.” शेवटचं वाक्य ते जरा मोठ्याने बोलले.

“असायचाच,” मी म्हटलं.

यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि धुऊन वाळत घातलं. दोन महिने असंच चाललं होतं. बातमी माझ्यापर्यंत पोहोचायची, पण पोहोचल्याची पोच मिळायची नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधणं सोपं होतं. शाळेचे फोटो सभागृहात होतात. तिथे उजेड बेताचा असतो, आणि चारही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागतं. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहतं. कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, पण बटणावर बोट ठेवलं की हाताची थरथर कॅमेऱ्यात उतरते. मी टायमर सुचवला.

“दहा सेकंद? दहा सेकंदांत पोरं दहा तोंडं करतात.”

“दोन सेकंदांचाही असतो.”

“म्हणजे फोटो मी काढायचा की घड्याळाने?”

मग मी वायरलेस रिमोट मागवला. होते त्यांतला सर्वांत स्वस्त. काडेपेटीएवढा एक ठोकळा कॅमेऱ्यावर बसवायचा, त्याची वायर बाजूच्या भोकात खोचायची, आणि दुसरा तुकडा हातात धरायचा. त्यावर एकच बटण. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. हात कितीही हलला तरी कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

“हे तर दारावरच्या घंटेचं बटण आहे,” बाबा म्हणाले. पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

मी स्टुलावर बसले आणि त्यांनी माझे वीस फोटो काढले. अठरा स्वच्छ आले. दोन हलले, ते माझ्यामुळे. मी आणखी एक तसाच रिमोट घेऊन ठेवला, कारण स्वस्त वस्तू ऐन वेळी दगा देते आणि प्रयोगशाळेत कुठलंही उपकरण आम्ही एकच ठेवत नाही. दोन्हींचा चॅनल एकच होता. कोणताही दाबला तरी कॅमेरा चालायचा, हेही तपासून घेतलं.

एक गोष्ट तपासायची राहिली. त्या वीस फोटोंमध्ये बाबांनी एकदाही ‘हं’ म्हटलं नव्हतं. समोर मी एकटी होते, सावरून बसवण्यासारखं काही नव्हतं, नुसतं बटण दाबायचं होतं. हे माझ्या लक्षात आलं ते शाळेत गेल्यावर.

पहिला वर्ग छत्तीस मुलांचा होता. चार रांगा लागल्या. कारकून बाई दाराशी यादी घेऊन उभ्या राहिल्या. मी आईच्या जागी, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला होते. बाबा हातात रिमोट घेऊन रांगांपुढून फिरले.

“फोटोकाका, हा माझ्या डोक्यामागे शिंगं धरतोय!”

“धरू दे. शोभताहेत.”

सगळे हसले, मग आपोआप सरळ झाले. बाबा दोन पावलं मागे आले, हनुवटी वर केली आणि म्हणाले, “हं.”

काहीच झालं नाही.

छत्तीस मुलं स्तब्ध. बाबाही स्तब्ध. त्यांचा अंगठा बटणावर होता, पण नुसता टेकलेला. ते शटरच्या आवाजाची वाट बघत होते.

“काका, निघाला का?”

“नाही अजून. दात आत घे तुझे.” त्यांनी एक टाय सरळ केला, परत मागे आले. “हं.”

पुन्हा शांतता. कारकून बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. मी “बाबा, बटण” एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण मग ते सगळ्यांनी ऐकलं असतं. दुसरा रिमोट माझ्या कोटाच्या खिशात होता.

“जरा इकडे बघा सगळे,” बाबा म्हणाले. मग तिसऱ्यांदा, “हं.”

मी दाबलं. शटर वाजलं.

बाबांनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं. बटण दाबलं की रिमोटवर एक बारीक लाल दिवा लागतो. तो लागला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कॅमेऱ्यापाशी आले आणि पडद्यावरचा फोटो मोठा करून बघू लागले. शेवटची रांगसुद्धा स्वच्छ होती. पण निम्म्या मुलांनी गाल फुगवून श्वास धरला होता आणि एकाचे डोळे मिटले होते.

“लगेच दाबू नकोस,” ते हळूच म्हणाले. “‘हं’ म्हटलं की पोरं श्वास धरतात. तो सोडला की चेहरा येतो. तेव्हा दाबायचं.”

“किती वेळाने?”

“ती कधी मोजत नव्हती.”

हातातला रिमोट त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि परत रांगांपुढे गेले. “एक अजून काढू. हा तर नुसता फुग्यांचा फोटो झाला.” मुलं हसली, सरळ झाली. “हं.”

मी बहात्तर खांद्यांकडे बघत राहिले. ते वर चढले होते. एका क्षणी सगळे मिळून थोडे खाली आले. मी दाबलं.

दुपारपर्यंत अकरा वर्ग झाले. शेवटी शिक्षकांचा फोटो पुन्हा काढायचा होता. त्याआधी कारकून बाई कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी आल्या आणि वर्गांचे फोटो एकेक करून पाहिले.

“झकास आलेत. पुढच्या वर्षीही याच आठवड्यात धरू ना, काका?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हिला रजा मिळते का ते बघावं लागेल,” ते म्हणाले.

“मिळेल,” मी म्हटलं.

कारकून बाईंनी यादीच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं. मोठ्या बाई मधल्या खुर्चीवर बसल्या.

“या वेळी एकच नाक द्या हं, काका.”

“एकच देतो. पण हलायचं नाही.” बाबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “हं.”

त्या वेळी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक ‘हं’नंतर मीही श्वास धरतेय. समोरच्यांचे खांदे खाली आले. मी दाबलं, शटर वाजलं, खुर्च्या सरकल्या आणि लोक बोलायला लागले, तरी माझा श्वास सुटला नव्हता. मी फोटोत नव्हते, त्यामुळे फोटो चांगला आला.