तिसरीच्या वर्गातलं गाऱ्हाणं

शाळेच्या कागदावर गोदाबाई ही पाणी भरणारी आणि वर्ग झाडणारी बाई होती. ही दोन्ही कामं ती साडेदहाच्या आत उरकायची, आणि मग तिचं खरं काम सुरू व्हायचं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. जी पोरं बसत नसत, बसली तर गप्प राहत नसत आणि गप्प राहिली तर नक्कीच काहीतरी करत असत, ती सगळी मागच्या भिंतीपाशी तिच्या हवाली होती.

शाळा जयगडच्या वाटेवरच्या एका वाडीतली. आत्माराम गुरुजी एकाच खोलीत तिसरी आणि चौथी मिळून पन्नास पोरं सांभाळत. कोण का बिथरलं हे बघायला त्यांना सवड कुठली! "गोदाबाई, हा भागोजी तुमच्याकडे," असं म्हणून ते एकेक नग मागे पाठवत. गोदाबाई त्या नगाच्या हातात नारळीची झावळी द्यायची आणि पाती सोलून हीर काढायला लावायची. हात गुंतले की निम्मी खोडी तिथंच जिरते, असा तिचा अनुभव. शाळेला केरसुणी कधी विकत आणावी लागली नाही, हा वरचा फायदा.

मैना आली आणि झावळ्यांनी हात टेकले. मुंबईतल्या गिरण्यांचा संप लांबला, तसा तिचा बाप गंगाराम बायकोपोरांसह गावी परतला, आणि जूनमध्ये आठ वर्षांची मैना तिसरीत दाखल झाली. ती चावायची. उगाच नाही, अगदी मन लावून चावायची. दिवाळीपर्यंत सात जण चावून झाले होते, आणि त्यांत एक मनगट गोदाबाईचं होतं.

"गो, निदान भूक लागल्यावर तरी चाव," गोदाबाई तेव्हा म्हणाली होती. "माझ्या हाताला ना मीठ, ना मसाला."

मैना हसली नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून गोदाबाईच्या शेजारी बसायला लागली.

दिवाळीनंतर तिनं बाबूच्या खांद्याला दात लावले आणि गुरुजींनी गंगारामला बोलावून घेतलं. "आता एकदा जरी चावली, तरी नाव कमी करीन. मला बाकीची पोरंही आहेत."

गंगाराम थकलेला होता. "करा, गुरुजी. घरात ऱ्हाईल, धाकट्याला सांभाळील. आमची दोघांची कामं तरी होतील."

गोदाबाई बाहेरची पडवी, म्हणजे शाळेची ओटी, झाडत होती. तिनं तेवढीच ओटी तीनदा झाडली.

दुसऱ्या दिवशी तिनं मैनाला विचारलं, "चावायच्या आधी तुला नेमकं काय होतं गो?"

"बोलायचं असतं."

"मग बोल की. तोंड तेच लागतं."

"मी बोलले की सगळी हसतात. 'मुंबयवाली आली, मुंबयवाली आली' करतात."

गोदाबाईनं दोन हीर काढून होईपर्यंत विचार केला. "देवळात गावकार देवापुढं गाऱ्हाणं घालतो, तेव्हा कोण हसतं काय?"

मधल्या सुट्टीत तिनं पोरांना आंब्याखाली गोळा केलं. कुणाची तक्रार असेल त्यानं उभं राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. बाकीच्यांनी हात जोडायचे, हसायचं नाही, आणि प्रत्येक वाक्याला देवळात म्हणतात तसं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याला सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं ते करावंच लागणार.

पहिला उठला भागोजी. "बा देवा म्हाराजा! माझी आवळ्याची फोड बाबूनं खाल्लीन!"

"व्हय म्हाराजा!"

"तर उद्या त्यानं दोन आणायच्या!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज बाबूचा होता. आपण काय कबूल केलं हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

पंधरा दिवसांत पोरांनी देवाला अगदी भंडावून सोडलं. मैना मात्र नुसती 'व्हय' म्हणायला पुढे. स्वतःचं गाऱ्हाणं काही घालीना. पण चावलीही नाही.

मग तो मंगळवार आला. तिसरीचं वाचन चाललं होतं. एकेकानं उठून चार ओळी वाचायच्या. चिमानं वाचलं, तिच्यानंतर मैनाची पाळी. गुरुजी चौथीची गणितं फळ्यावर लिहीत होते, ते मागे न वळता म्हणाले, "बाबू, पुढे."

बाबू मैनाच्या अगदी पुढ्यात बसला होता. उठता उठता मागे वळून पुटपुटला, "चावरीला वाचायला कुठं येतंय!"

मैनाचा जबडा आवळलेला गोदाबाईनं पाहिला. बाबूचं कोपर अगदी तोंडाशी होतं. पोरीचा हात धरला असता तर आजचा दिवस निभावला असता. पण उद्याचं काय? गोदाबाईनं आपले दोन्ही हात झावळीत घट्ट रोवून ठेवले.

मैना उठून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

वर्गात, गुरुजींसमोर! फळ्यावरचा खडू थांबला. पण पोरांचे हात सवयीनं जोडले गेले होते.

"जूनपासून माझी पाळी येते, नि गुरुजी मला सोडून पुढच्याला वाचायला सांगतात!"

"व्हय म्हाराजा!"

"मला वाचता येतं. मुंबईच्या शाळेत येत होतं. इथं कुणी विचारलंनच नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तर गुरुजींनी मला रोज वाचायला द्यायचं, नि माझं नाव कापायचं नाय!"

"व्हय म्हाराजा!"

पन्नास बारीक आवाजांत या वेळी एक जाड आवाज मिसळला होता. पोरं फळ्याकडे बघायला लागली. आत्माराम गुरुजी गावकाराच्या घरातले. कळायला लागल्यापासून दर शिमग्याला देवळात हात जोडून उभे राहिलेले. आत्ताही ते तसेच उभे होते, डोळे मिटून, जोडलेल्या तळव्यांत खडू धरून.

त्यांनी डोळे उघडले. "गोदाबाई, हे काय आहे?"

"मला काय विचारता, गुरुजी? 'व्हय' तुम्ही म्हणालात."

"अहो, सवयीनं म्हणालो!"

"मग बाबूनं आवळे काय हौसेनं आणलेन?"

गुरुजींनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. जून ते डिसेंबर, ते मनाशी मोजत असावेत. मग त्यांनी टेबलावरचं स्वतःचं पुस्तक उचलून मैनापुढे धरलं. "पोरी, मी तुला घाबरत होतो गो," ते हळूच म्हणाले. "वाच."

मैना वाचायला लागली. आधी घाईनं, मग एका जोडाक्षरावर अडकली. बाबू फिस्सकन हसला.

"बाबू, हात जोड," गुरुजी म्हणाले.

चार ओळी झाल्या. मैनानं वर पाहिलं, कुणी थांबवलं नाही, म्हणून तिनं पुढच्या चार वाचल्या, मग पुढचा परिच्छेद. सुट्टीची वेळ टळून गेली. पोरं दाराकडे बघू लागली.

"गोदाबाई, घंटा," गुरुजी म्हणाले.

"देते, गुरुजी," गोदाबाई जागची न हलता म्हणाली. "तिचं पान संपू दे."