आईचं कलम आणि माझी हरकत

कारकुनाने माझं नाव पुकारलं आणि पुढच्या टेबलाशी बसलेल्या आईची मान अशी गर्रकन वळली की मला वाटलं, आता लचकणार!

मी मात्र ताठ उभी. शाळेला दांडी मारून, बाबांना फितवून मी या सरकारी सुनावणीला आले होते. सरप्राइज!

माझी आई वकील आहे, पण सिनेमातल्यासारखी नाही. ती ओरडत नाही, वाक्यं बांधते. आधी सरकारच्या विधी खात्यात कायद्यांचे मसुदे लिहायची. मग मक्तेदारीविरोधी आयोगात गेली. तिथे आपसात ठरवून भाव चढवणाऱ्या सिमेंट कंपन्यांना तिने असा घाम फोडला की बाबा अजून म्हणतात, "आपल्या भिंती तुझ्या आईला घाबरूनच उभ्या आहेत." आणि आता इंटरनेटवरचा खासगीपणा. पायाला भिंगरीच आहे तिच्या! आम्ही 'मान्य' दाबून मोकळे होतो, ही ॲपच्या अटी शेवटपर्यंत वाचते. जेवण गार होतं, सिनेमा सुरूच होत नाही.

"तुझं वाचून होईपर्यंत मी म्हातारा होईन," बाबा म्हणतात.

"हो खुशाल. तुझं वय ते कुणाला विकत नाहीत ना, एवढं बघू दे."

मुलांच्या ॲपसाठी ती लिहीत असलेल्या नव्या नियमात तिचा जीव एकाच कलमात अडकला होता: मुलाने स्वतःचं काही पुसलं, तर कंपनीनेही ते आपल्या साठ्यातून पुसायचं. कंपन्यांच्या वकिलाला त्यात फक्त एक शब्द घालून हवा होता, 'शक्यतो'. "त्या एका शब्दातून हत्ती जाईल," असं म्हणत आई घरभर येरझारा घालायची. त्या वकिलाला आम्ही घरी 'मधाचं बोट' म्हणायचो, इतकं गोड बोलायचा.

मसुद्यावर लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मी पण लोकच की! पाठवली. आणि आज त्यावर बोलायला मला बोलावलं होतं.

आई तरातरा माझ्यापाशी आली. "तू? इथे?"

"मी! तुझ्या बाजूने!"

"अगं, तेच तर. माझ्याच घरातलं माणूस माझ्याच कलमाच्या बाजूने बोलणार, आणि मी त्या टेबलाशी बसून राहणार? उद्या कोर्टात कलम उभं राहणार नाही."

"मग मी नाही बोलत. सांग, पोट दुखतंय तिचं."

आईने टेबलाकडे बघितलं. तिथे तिचे सहकारी बसले होते. आम्ही त्यांना रटाळकाका म्हणतो. आई उठली तर कलम तेच मांडणार. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तुला बोलायचंय का? खरं सांग."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "हो."

"मग बोल."

ती वळली. "अध्यक्षबाई, या नागरिक माझी मुलगी आहेत. या कलमापुरती मी बाजूला होते."

"अहो मॅडम, बसा की!" मधाचं बोट म्हणालं. "आमची काही हरकत नाही."

"आज नाही. नियम झाला की असेल," आई म्हणाली आणि लोकांच्या रांगेत येऊन बसली.

मी बोलले. अकराव्या वर्षी मी आरशापुढे गाणं म्हणत नाचले होते, ते ॲपवर टाकलं, लोक हसले, मी पुसलं. नव्या शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात ॲपने ते 'जुनी आठवण' म्हणून अख्ख्या वर्गाला दाखवलं. "त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आता उघडलंय, तर ऐका!" सभागृह हसलं. मी आईकडे बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रटाळकाकांनी कलम वाचलं. मधाचं बोट मान डोलावून म्हणालं, "भावना पोचल्या. पण एवढ्या साठ्यातून नेमकं शोधून पुसणं अवघड असतं हो."

काका कागद चाळत राहिले. आई शेजारी कुजबुजली, "विकायला सापडतं, तर पुसायला कसं नाही सापडत?" इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं. मी उठायला गेले. तिने माझा गुडघा दाबून धरला.

"तुझी बोलायची पाळी झाली."

"अगं पण आई..."

"बस."

काकांनी घसा खाकरला. "शक्यतो... बरं, चालेल."

झालं. सुनावणी संपली, खुर्च्या सरकल्या, सभागृह रिकामं झालं. आई उठेना. जाता जाता मधाचं बोट थांबलं. "मुलगी काय बोलली हो तुमची!"

"हो," आई म्हणाली. बस, एवढंच.

पुढे शिपाई टेबलावरच्या नावाच्या पाट्या गोळा करत होता.

"इथून सगळ्यांच्या पाठीच दिसतात गं," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी पुढे बसले, मला माहीतच नव्हतं."

शिपायाने रिकाम्या खुर्चीपुढची तिची पाटी उचलली, नाव वाचलं, इकडेतिकडे बघितलं. आईने मागच्या रांगेतून हात वर केला, जसा मी वर्गात करते तसा, आणि तो बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.