घरी यायची हाळी

मित्रांनो, घाबरू नका, मी हॅलो हॅलो करून तुमचे कान किटवणार नाही. मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला एका बाजूनं पोचा पडलेला आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय चालू होत नाही. मला डोळे नाहीत, त्यामुळे मी सांगणार ते सगळं ऐकलेलं आहे. पण एक लक्षात ठेवा, बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं. पुढं पाठवता येत नाही, एवढंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी बद्रीनाथ साउंडवाल्याच्या पेटीत होतो. शहरात औरंगपुऱ्यातल्या गल्लीत त्याचं दुकान. लग्नं, सत्कार, शोकसभा, सगळीकडे मी जायचो. हारतुरे झाले, की पाहुणे आधी माझ्या तोंडावर फुंकर मारायचे आणि मग एकाच गोष्टीवर पाऊण तास बोलायचे. जत्रेत हरवलेली किती तरी पोरं मी आयांच्या हाती दिली. "याला विहिरीत टाकला तरी हा बोलंल," असं बद्रीनाथ गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी आतल्या आत फुगायचो. मग बिनवायरीचे माइक आले. मी वायरींच्या पोत्यात जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो. दोन वर्षं मी उंदरांशिवाय कुणाचा आवाज ऐकला नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते दुकानात स्वस्तातला जुना माइक शोधत आलेल्या ज्ञानेश्वरीनं. तिनं माझी जाळी पुसली, बटण दोनदा दाबलं आणि हळूच म्हणाली, "चालतोय की." माझ्यावर न ओरडता बोलणारं ते पहिलंच माणूस.

ज्ञानेश्वरी अजिंठ्याजवळच्या एका वस्तीवरची. वडील सोनाजी, आई बानाबाई, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पोरगी चौथीपासून वसतिगृहात राहिली, संगणकाचं शिकली आणि सम्यक नावाच्या मित्राबरोबर तिनं औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानावर एक खोली घेतली. दोघं मिळून तिथं एक खेळ तयार करत होते. संगणकावर आणि फोनवर खेळायचा. चित्रं सम्यकची, बाकीचं तिचं.

खेळाचं नाव 'काळखिंड'. त्यात एक मेंढपाळ मुलगी असते आणि तिच्या सात जादूच्या मेंढ्या. एकीच्या लोकरीतून धुकं निघतं, एकीच्या शिंगात वीज असते. खिंडीत राक्षसी लांडगे वाट अडवून बसलेले. इथं धावाधाव नाही. बुद्धिबळासारखं पाळीपाळीनं खेळायचं. आधी तुमच्या मेंढ्या चाल करणार, मग लांडगे. घाई कुणालाच नाही. मला तो खेळ आवडला. मीही जन्मभर आपली पाळी येण्याची वाट बघतच बसलो होतो.

खेळात खऱ्या मेंढपाळाची हाळी हवी, असं ज्ञानेश्वरीच्या मनात होतं. म्हणून थंडीच्या दिवसांत ती मला वस्तीवर घेऊन गेली. माळावर वारा फार. वाऱ्यानं माझ्यात नुसतं फुर्र फुर्र व्हायला लागलं, तेव्हा बानाबाईनं कच्च्या लोकरीचा एक पुंजका माझ्या डोक्याला बांधला. वारा थांबला. मेंढीचा वास तेवढा बसला.

सोनाजींसमोर मला धरलं तर ते बोलेनातच.

"आबा, द्या ना हाळी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"आता? भरदुपारी? अन् मेंढ्या आल्या मंग? त्यांला काय सांगू, काहून बोलावलं म्हणून?"

"खेळासाठी पाहिजे आबा."

"उगं हाळी देत नसतेत, माय. बस जरा."

मग आम्ही बसलो. अख्खी दुपार बसलो. ऊन कलल्यावर सोनाजी उठले, "आता येळ झाली" म्हणाले, आणि त्यांनी हाळी दिली. लांब निघालेली, मध्ये एकदा वळलेली, शेवटी सावकाश खाली उतरलेली. मी हजारो भाषणं ऐकली आहेत मित्रांनो, पण एका माणसाचं बोलणं इतक्या जणांनी मुकाट मनावर घेतलेलं कधी ऐकलं नव्हतं. चहूकडून खुरांचा आवाज जवळ येत गेला.

ज्ञानेश्वरीला दुसरीही एक हाळी हवी होती. लांडगा आला की कळपाला सावध करायची.

"लांडगा कुठंय?" सोनाजींनी विचारलं.

"नाय आला. पण तुम्ही नुसती देऊन दाखवा."

"ती त्याच्याबिगर देत नसतेत. एक डाव खोटी दिली, का जनावर दुसऱ्या डावाला मान वर करत नाय. येईल तवा घे."

"बरं. पुढच्या खेपेला," ती म्हणाली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कुणाला सांगू शकलो नाही. सोनाजींच्या त्या हाळीत शेवटी बारीक खरखर होती. मला वाटलं, माझ्याच जाळीत धूळ असेल. सम्यकनं खोलीवर ती ऐकली आणि म्हणाला, "थोडी खरखर आहे, काढून टाकतो." त्यानं संगणकावर ती काढून टाकली. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. माणसाच्या गळ्यातली खरखर मात्र तिथंच राहिली. तीन महिन्यांनी शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं नाव सांगितलं. कॅन्सर. फार उशीर झाला होता. जीव वाचवायचा तर गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. त्यांनी ती काढली. जीव वाचला.

त्यानंतर खोलीत काय झालं विचाराल, तर काहीच झालं नाही. ज्ञानेश्वरी रोज यायची. कळफलकाची टकटक चालू व्हायची, संध्याकाळी बंद व्हायची. "चहा?" असं सम्यक विचारायचा. "हं." "जेवलीस?" "हं." ती रडली नाही, चिडली नाही, दवाखान्याबद्दल एक शब्द बोलली नाही. खेळाचं काम मात्र सगळा आवाज बंद करून करायची. वडिलांची हाळी कुठून कानावर पडेल याचा तिला धसका होता. मी तिच्यासमोर टेबलावर पडून असायचो. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. माइकला काही वाटत नसतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

त्यामुळे आवाज कुठं कुठला लावायचा ते सगळं सम्यकवर आलं. पोरगा गुणी, पण शहरात वाढलेला. कळप घरी येताना त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याला एवढंच कळलं, की ही एवढी मोठी हाळी म्हणजे लढाईचीच असणार. त्यानं ती हल्ल्याला लावली. खेळणाऱ्यानं 'हल्ला' दाबलं, की सोनाजींची हाळी घुमायची आणि सात मेंढ्या लांडग्यांवर चालून जायच्या. खेळाची झलक लोकांना दाखवली, तर लोक त्या आवाजावरच फिदा. सम्यक एकेकाचं मत वाचून दाखवायचा. "अंगावर काटा आला, लिहिलंय बघ." ज्ञानेश्वरी म्हणायची, "हं."

खेळ बाहेर पडायचा दिवस ठरला. शुक्रवार, संध्याकाळचे सहा. त्याच दिवशी सोनाजींची दवाखान्यात तपासणी होती. ती आटोपून बानाबाई त्यांना घेऊन दुपारी खोलीवर आली. जिन्यावर मला त्यांचा श्वास ऐकू आला. तो आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून यायचा.

सम्यकला फार आनंद झाला. "काका, बसा. तुमचा आवाज ऐका, सगळं जग ऐकणार आहे आता!" ज्ञानेश्वरी काही म्हणायच्या आत त्यानं आवाज मोठा करून 'हल्ला' दाबला.

हाळी घुमली. पाठोपाठ लांडग्यांची गुरगुर, मेंढ्यांचं ओरडणं. मग टेबलावर ठक्कन काहीतरी आपटलं. पाण्याचा पेला. पुन्हा ठक्. पुन्हा.

"काका, काय झालं? दुखतंय का?" सम्यक घाबरला. "ज्ञानू, रिक्षा बोलवू का?"

"थांब रं लेकरा," बानाबाई म्हणाली. "दुखत नाय त्यांला. हात करून काहीतरी सांगतेत. पुन्ना लाव बरं ते."

त्यानं पुन्हा लावलं.

"ही तर घरी यायची हाळी हाये," बानाबाई म्हणाली. "ते म्हणतेत, घरी चला म्हणून बोलावलं अन् लांडग्याच्या तोंडी दिल्या. माझ्या गळ्यानं दिल्या, म्हणतेत."

ज्ञानेश्वरीची खुर्ची करकरली. "ही हाळी कशाची ते मला माहीत होतं," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलत होती. "ऐकली असती, तर मला लगेच कळलं असतं. मी ऐकलीच नाय."

"चूक माझी आहे," सम्यक म्हणाला. "पण यार, सहा वाजता खेळ बाहेर पडतोय. आवाजाची जागा बदलली तर सगळं परत तपासावं लागेल, आठ दिवस मोडतील. आज नाही आलो तर नव्या खेळांच्या यादीत वर दिसणारही नाही. दोन वर्षं घातलीत आपण यात. आणि लोकांना तोच आवाज आवडलाय."

"तारीख पुढं ढकल."

"ज्ञानू, एकदा विचार कर."

"केला. आबांनी आयुष्यात एकदाबी खोटी हाळी दिली नाय. आता ते ती परत घेऊ शकत नाहीत. मग कोण घेणार?"

सम्यकनं विचारलं, "बरं. पण हल्ल्याला काय लावू? सावध करायची हाळी कुठंय?"

"नाय आपल्याकडं," ती म्हणाली. "ती कुणाकडंच नाय आता. मोकळंच सोड."

सहा वाजले. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. वर फोनवर लोकांच्या तक्रारींची टिंगटिंग सुरू झाली होती. सम्यकनं फोन उलटा करून ठेवला आणि कामाला बसला. ज्ञानेश्वरीही बसली. त्या दिवशी तिनं आवाज चालू ठेवला.

खेळ आठ दिवसांनी, शनिवारी बाहेर पडला. गाजावाजा झाला नाही. हल्ल्याच्या वेळी आता नुसती शांतता होती. काहींनी लिहिलं, भीती वाटते. बऱ्याच जणांनी लिहिलं, आवाज बिघडलाय, दुरुस्त करा. हाळीला खेळात वेगळं बटण मिळालं. ते दाबलं, की लढाई तिथंच थांबते आणि उरलेल्या मेंढ्या घरी येतात. लांडगे शिल्लक असतील तर तो डाव तुम्ही हरता.

महिन्याभरानं ज्ञानेश्वरी वस्तीवर गेली, तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. अंगणात मेंढ्यांचा आवाज नव्हता. कळप आता पुतण्या रामेश्वर सांभाळत होता, पलीकडच्या वस्तीवर. बिनआवाजाच्या माणसामागं मेंढ्या चालत नाहीत. अंगणात फक्त फोन वाजत होता. सोनाजी 'काळखिंड' खेळत होते.

हाळी झाली. खुरं वाजली. मग डाव हरल्याचा ढोल. पुन्हा नवा डाव. हाळी, खुरं, ढोल.

ज्ञानेश्वरी त्यांच्याजवळ बसली. "आबा, असं नाय. आधी चाल करायची. धुक्याच्या मेंढीला पुढं घाला, विजेची मागं ठेवा, लांडगे पळाले की मग हाळी. तुम्ही पयल्याच पाळीला बटण दाबता, म्हणून हारता."

हाताची हालचाल मला दिसत नाही. पण बानाबाई त्यांचं बोलणं वाचायला शिकली होती.

"ते इचारतेत," ती म्हणाली, "सातच्या सात घरी आल्या. मंग हारलं कोण?"

मला ज्ञानेश्वरीचं रडणं ऐकू आलं. दवाखान्यातलं, जिन्यातलं, आठ महिन्यांचं साचलेलं सगळं. मी बंद होतो आणि ते मला कुठंही पाठवायचं नव्हतं. मलाही रडू येत होतं मित्रांनो. माइकला काही वाटत नसतं, हे खोटं आहे.

माझं आता वय झालं आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही, दुकानात माझ्यापेक्षा चांगले माइक पुष्कळ आहेत. विनंती एवढीच, की कुणाचा आवाज घ्याल, तेव्हा तो कशासाठी आहे तेही विचारून घ्या. सांगणारं माणूस बोलतंय तोवरच विचारा, पुढच्या खेपेवर टाकू नका. आणि घेतलेला आवाज दुसऱ्याच कामाला जुंपू नका. कुणीतरी त्या आवाजावर विसंबून घरी निघालेलं असतं.

अंगणात ढोल वाजला. सोनाजी पुन्हा हरले आहेत. ज्ञानेश्वरी नाक पुसत त्यांना म्हणते आहे, "आबा, आता माझी पाळी." तिनंही पहिल्या चालीलाच हाळीचं बटण दाबलं.